कागद कुठून आला आणि कुठे जाणार?

तपकिरी रंगाचे खोके, त्याच्या कोपऱ्यात हिरव्या शाईचे एखादे पान आणि एकमेकांमागे धावणारे तीन बाण एवढे दिसले की ते वेष्टन पर्यावरणाला धार्जिणे आहे असे गृहीत धरण्याची सवय ग्राहकांना लागली आहे, आणि ही सवय ओळखून उत्पादकही आपली खोकी, पिशव्या, वह्या आणि निमंत्रणपत्रिका त्याच रंगरूपात बाजारात आणू लागले आहेत. वस्तुतः रंग आणि चिन्ह यांवरून कागदाविषयी फारच थोडे कळते. तो कोणत्या तंतूंपासून झाला, तो तयार करताना किती पाणी, इंधन आणि रसायने खर्ची पडली, आणि वापरून झाल्यावर तो पुन्हा कागदाच्या कारखान्यापर्यंत पोहोचू शकेल की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय निवड डोळस होत नाही. त्यातही तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि भारतात तोच सर्वांत निर्णायक आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

याचे कारण भारतीय कागद उद्योगाच्या घडणीत आहे. देशात कागदाचा दरडोई वापर वर्षाला सुमारे १५ किलो आहे, तर जगाची सरासरी ५० किलोंच्या पुढे जाते; मात्र हा कागद बनतो तो मुख्यतः लाकडापासून नव्हे, तर रद्दीपासून. एकूण उत्पादनातील सुमारे ७० टक्के वा त्याहून अधिक वाटा रद्दीच्या लगद्यावर चालणाऱ्या कारखान्यांचा असून गुजरातेत वापी आणि मोरबी, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर आणि तमिळनाडूत कोइम्बतूरचा परिसर ही या उद्योगाची मोठी केंद्रे आहेत. किराणा दुकानात साबण, बिस्किटे किंवा तेलाच्या बाटल्या ज्या खोक्यांतून येतात ती खोकी त्यामुळे बहुधा आधीपासूनच रद्दीची असतात, आणि ‘पुनर्चक्रित पुठ्ठा’ अशी त्यांची जाहिरात करणाऱ्याने काही विशेष केलेले असतेच असे नाही. तुटवडा आहे तो चांगल्या, कोरड्या, वेगळ्या केलेल्या देशी रद्दीचा. हा तुटवडा भरून काढण्यासाठी भारत अमेरिका आणि युरोपातून लक्षावधी टन रद्दी आयात करतो. चीनने २०१८ च्या प्रारंभी मिश्र रद्दीची आयात थांबवली आणि २०२१ पासून घनकचऱ्याची आयात पूर्णपणे बंद केली, तेव्हा पाश्चात्त्य देशांची रद्दी इतर आशियाई देशांकडे वळली. अशा रद्दीच्या गठ्ठ्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या दडलेल्या असल्याच्या तक्रारी वारंवार झालेल्या आहेत. एकीकडे मुंबई-पुण्याच्या कचरा डेपोंवर ओला होऊन कुजणारा कागद आणि दुसरीकडे समुद्रापलीकडून विकत आणलेली रद्दी, ही विसंगती दूर करणे हाच जबाबदार निवडीचा खरा हेतू असायला हवा.

रद्दीपासून कागद होऊ शकतो याचे मूळ कागदाच्या रचनेत आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोज नावाचे लांब साखळीचे संयुग असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मोकळे करून, चाळणीवर पसरून, पाणी काढून टाकले की ते तंतू कोणत्याही डिंकाशिवाय एकमेकांना धरून ठेवतात, कारण शेजारशेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध निर्माण होतात. कागद पुन्हा पाण्यात भिजवला की हे बंध सुटतात आणि तंतू पुन्हा मोकळे होतात. शेकडो वर्षे कागदासाठी झाडे तोडावी लागलीच नाहीत, कारण कापसाच्या आणि तागाच्या चिंध्या, जुने दोर, मासेमारीची जाळी आणि सालपट यांवर काम भागत असे. महाराष्ट्रात जुन्नरचे कागदी आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कारागीर याच परंपरेतले होते, आणि दप्तरखान्यांत जपून ठेवलेले मोडी लिपीतील हातकागदाचे रुमाल (कागदपत्रांचे बांधलेले गठ्ठे) दोनअडीचशे वर्षांनंतरही हाताळता येतात ते या बळकट, लांब तंतूंमुळे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांच्या कागदाची ही विद्या आधुनिक काळात टिकवून धरली. वापरलेल्या वस्तूपासून कागद करणे हा नव्या पर्यावरणवादाचा शोध आहे, ही समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागते.

लाकडाचा शिरकाव १९ व्या शतकात झाला. जर्मनीत फ्रीडरिश केलर याने १८४४ च्या सुमारास लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा काढण्याची पद्धत शोधली आणि वर्तमानपत्रांना पुरेल इतका स्वस्त कागद शक्य झाला. पण लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन हे तंतूंना सांधणारे द्रव्यही असते, आणि ते कागदात राहिले तर सूर्यप्रकाशाने व हवेने कागद पिवळा पडतो. रासायनिक प्रक्रियेने लिग्निन काढून टाकण्याचे तंत्र त्याच शतकाच्या उत्तरार्धात आले. त्याच्या कितीतरी आधी, १८०० साली, मॅथायस कूप्स याने लंडनमध्ये छापील कागदावरील शाई काढून त्याचा नवा कागद करण्याचे पेटंट घेतले होते. त्याचा कारखाना काही वर्षांतच बुडाला, परंतु ज्या तत्त्वावर आज जगातले शाई उतरवणारे कारखाने चालतात ते तत्त्व तेव्हाच मांडले गेले होते.

आजच्या कारखान्यात रद्दीचे गठ्ठे प्रथम पल्पर नावाच्या प्रचंड टाकीत पडतात. मिक्सरसारखे पाते तळाशी फिरत असते आणि पाण्यात कागद विरघळावा तसा फुटत जातो, मात्र त्यात आलेले प्लास्टिक, दोऱ्या आणि चिकटपट्टी फुटत नाही. ती लांबलचक गुंतागुंत होऊन वेगळी काढावी लागते. पुढे चाळण्यांतून स्टेपलच्या पिना, वाळू आणि काचेचे कण निघतात. पांढरा कागद करायचा असेल तर लगद्यात साबणासारखे द्रव्य घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो काळसर फेस काढून टाकला जातो. यालाच शाई उतरवणे म्हणतात. या टप्प्यावर निघणाऱ्या गाळात शाई असते, कागदावरची चिनी मातीची भुकटी असते आणि तुटलेले बारीक तंतूही असतात, म्हणून एक टन रद्दीतून एक टन कागद कधीच मिळत नाही. खोक्यांचा तपकिरी कागद करताना मात्र शाई उतरवावी लागत नाही की विरंजनही करावे लागत नाही; जुनी खोकी भिजवायची, गाळायची आणि पुन्हा कागद ओढायचा, एवढे सोपे हे चक्र आहे, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने कागदाच्या सर्व चक्रांत ते सर्वांत निकोप मानावे लागेल.

कारखान्यातल्या कामगारांना सर्वांत जास्त त्रास शाईचा होत नाही, तो चिकट द्रव्यांचा होतो. पुस्तकाच्या कण्याचा गरम गोंद, स्वतःहून चिकटणाऱ्या लेबलांचा गोंद आणि पारदर्शक चिकटपट्टीचा थर हे पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे छोटे गोळे लगद्यातून चाळणीखाली निसटतात, कागद वाळवणाऱ्या तप्त रुळांवर चिकटतात आणि कागदाला भोके पाडतात. खोके बंद करताना पुठ्ठ्यावर गोल गोल गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी वापरणाऱ्याला ती किरकोळ वाटते, पण तिच्याऐवजी स्टार्चच्या डिंकाची कागदी पट्टी वापरली तर तेच खोके जसेच्या तसे पल्परमध्ये जाऊ शकते.

तंतू प्रत्येक फेरीत थोडे तुटतात, वाळताना कडक होतात आणि एकमेकांना धरून ठेवण्याची त्यांची शक्ती कमी होते. सर्वसाधारणपणे एकच तंतू पाच ते सात वेळा उपयोगात येतो असे मानले जाते. लिहिण्याच्या कागदाचा वर्तमानपत्री कागद, त्याचा पुढे राखाडी पुठ्ठा आणि शेवटी अंड्यांचे ट्रे अशी ही उतरंड असते, आणि ती चालू ठेवण्यासाठी वरून थोडा ताजा तंतू सतत यावाच लागतो. ‘शंभर टक्के पुनर्चक्रित’ हे ध्येय सर्व जगाने सर्व कागदांसाठी धरले तर काही वर्षांतच कागदाला ताकद उरणार नाही. म्हणून ताजा तंतू वापरणे हा आपोआप दोष ठरत नाही. तो कुठे वापरला आणि कुठून आणला याला महत्त्व आहे. जमिनीचे दस्त, जन्ममृत्यूची नोंदवही, संशोधनाचे मूळ टिपण अशा शतकभर टिकायला हव्या असलेल्या गोष्टींसाठी लांब तंतूंचा आम्लविरहित कागदच योग्य होय. याउलट एकदा हात पुसून फेकल्या जाणाऱ्या टिश्यू पेपरात ताजे लाकूड घालणे ही तंतूची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे, कारण त्यानंतर तो तंतू कारखान्याकडे कधीच परतत नाही. बाजारात सर्वांत पांढरा आणि मऊ म्हणून नावाजला जाणारा टिश्यू बहुधा नेमका हाच असतो.

ताज्या तंतूच्या उगमाचा विचार करताना ‘एक टन रद्दी म्हणजे इतकी झाडे वाचली’ हे लोकप्रिय गणित जपून वापरावे लागते. भारतात कागदासाठी लागणारे लाकूड आज मोठ्या प्रमाणावर शेतांच्या बांधांवर आणि पडीक जमिनीवर वाढवलेल्या निलगिरी, सुबाभूळ आणि सुरू या झाडांचे असते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेच कारखान्यांना आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून मिळवण्यास सांगितले. अशा झाडांचे पीक तोडले जाऊन पुन्हा लावले जाते, ते न तोडल्याने जंगल वाचते असे सरळ म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, खऱ्याखुऱ्या जंगलातून येणाऱ्या तंतूचा प्रश्न झाडांपुरता नसतो, तो माणसांचाही असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली त्या गावाच्या ग्रामसभेला स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी कित्येक दशके त्याच परिसरातला बांबू कागदासाठी सवलतीच्या दराने जात होता आणि जंगलात राहणाऱ्याच्या वाट्याला त्यातली तोडणीची मजुरी येत होती. ग्रामसभेने विकलेल्या बांबूपासून झालेला कागद आणि रहिवाशांना बाजूला सारून काढलेल्या बांबूपासून झालेला कागद दुकानात हुबेहूब सारखा दिसतो, म्हणूनच उगमाचे प्रमाणपत्र लागते.

प्रमाणपत्रे आणि चिन्हे यांची भाषा थोडी समजून घेतली तर फसगत टळते. तीन बाणांचे चिन्ह अमेरिकेत गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० साली एका स्पर्धेसाठी तयार केले. ते कोणाच्याही मालकीचे नाही आणि ते छापण्यासाठी कोणाची तपासणीही होत नाही. नुसते चिन्ह असेल तर ‘ही वस्तू पुनर्चक्रित होऊ शकते’ एवढाच त्याचा अर्थ. बाणांच्या मध्ये टक्केवारी असेल तर त्या वस्तूत तितका जुना माल आहे असा उत्पादकाचा दावा असतो. एफएससी, म्हणजे १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे चिन्ह, तीन प्रकारांत येते. ‘१०० टक्के’ म्हणजे सर्व तंतू प्रमाणित वनांतला, ‘मिक्स’ म्हणजे प्रमाणित वन, नियंत्रित लाकूड आणि जुना माल यांचे मिश्रण, आणि ‘रिसायकल्ड’ म्हणजे सर्व तंतू जुन्या मालातला. या चिन्हाखाली ‘एफएससी-सी’ अशी सुरुवात असलेला परवाना क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या खुल्या नोंदीत कोणालाही पडताळून पाहता येतो. क्रमांकच नसेल तर त्या चिन्हाला काही किंमत देऊ नये. भारत सरकारची मातीच्या मडक्याची खूण असलेली इकोमार्क योजना १९९१ मध्ये सुरू झाली आणि तिचे नवे नियम २०२४ मध्ये आले, मात्र सामान्य दुकानात ते मडके अजून अभावानेच दिसते.

‘रिसायकल्ड’ या शिक्क्याच्या आतही एक भेद दडलेला असतो. छापखान्यात कागद कापताना उरलेल्या पट्ट्या किंवा खोकी बनवताना पडलेले तुकडे यांना वापरपूर्व रद्दी म्हणतात, आणि ग्राहकाने वापरून टाकलेल्या वर्तमानपत्रांना, वह्यांना, खोक्यांना वापरोत्तर रद्दी. छापखान्यातील पांढरी कात्रणे कागदवाले चांगल्या भावाने पूर्वीपासूनच उचलत आले आहेत, ती कोणीही फेकत नव्हते. म्हणून त्यांच्यापासून झालेला कागद शंभर टक्के पुनर्चक्रित असला तरी कचऱ्याचा डोंगर त्याने फारसा कमी होत नाही. ३० टक्के वापरोत्तर रद्दीचा कागद आणि १०० टक्के वापरपूर्व रद्दीचा कागद यांत पहिल्याला अधिक श्रेय द्यावे लागते, आणि खरेदीदाराने हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. दाव्याला आधार देण्याचे बंधनही आता घालण्यात आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ अशी मोघम विशेषणे पुराव्याशिवाय व खुलाशाशिवाय वापरता येणार नाहीत असे त्यांत स्पष्ट केले आहे.

पांढरेपणाचा मोह हाही महागात पडतो. लगदा पांढरा करण्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू सर्रास वापरत आणि त्यातून डायॉक्सिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषारी संयुगे नद्यांत जात. आता अनेक कारखाने क्लोरीन डायऑक्साइड, ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात आणि त्यांच्या कागदावर मूलद्रव्यरूप क्लोरीन वापरलेला नाही असा उल्लेख असतो. शाळेच्या वहीला किंवा कार्यालयातल्या कच्च्या प्रतीला दुधासारखा शुभ्र कागद कशाला हवा, हा प्रश्न संस्थांनी स्वतःला विचारला पाहिजे. किंचित पिवळसर कागद डोळ्यांना सुसह्यच वाटतो. इंधनाच्या बाबतीत चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. रद्दीपासून कागद करायला लाकडापासून करण्यापेक्षा एकूण ऊर्जा कमी लागते, पण लाकडाचा रासायनिक लगदा करणारा कारखाना लिग्निन मिसळलेला काळा द्राव जाळून आपली बरीचशी उष्णता मिळवतो, तर रद्दीवर चालणारा लहान कारखाना बहुधा कोळसा जाळतो. तेव्हा मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्याने कारखाना कोणते इंधन वापरतो आणि सांडपाणी किती शुद्ध करून सोडतो हेही विचारणे इष्ट ठरते.

निवडीतला फरक प्रत्यक्ष कसा पडतो हे दिवाळीतल्या मिठाईच्या खोक्यावरून चांगले समजते. साधे खोके डुप्लेक्स बोर्डाचे असते: आतली बाजू राखाडी, म्हणजे मिश्र रद्दीची, आणि बाहेरून चिनी मातीचा लेप दिलेला पांढरा थर. त्यावर एका-दोन रंगांची छपाई आणि बाजू घडी घालून अडकवलेल्या, एवढ्यावर ते थांबले तर रद्दीवाला ते आनंदाने नेतो. याउलट भेटीसाठीच्या भारी खोक्यात जाड पुठ्ठ्यावर छापील कागद गरम गोंदाने चिकटवलेला असतो, त्या कागदावर चमक यावी म्हणून प्लास्टिकच्या पापुद्र्याचे लॅमिनेशन असते, नावावर सोनेरी धातुवर्खाचा ठसा असतो, झाकणाला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि ते बंद राहावे म्हणून आत दडवलेले लोहचुंबक असते. दोन्ही खोक्यांतला पुठ्ठा ‘पुनर्चक्रित’च असतो, दुसरे मात्र पुन्हा कधीही कागद होत नाही. लॅमिनेशन ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: कोपरा हळूहळू फाडला की कागद फाटतो आणि पापुद्रा ताणला जाऊन मागे राहतो, पाण्यात मिसळणारे वार्निश असेल तर कागद सरळ फाटतो. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे यांनाही हीच परीक्षा लागू पडते, आणि छापखान्यात मजकूर देतानाच ‘लॅमिनेशन नको, वार्निश चालेल’ असे सांगणाऱ्या ग्राहकाने जे साधते ते महाग हस्तनिर्मित कागद विकत घेऊनही साधत नाही.

अन्नाशी संबंध आला की पुनर्चक्रित कागदाच्या उपयोगाला मर्यादा पडते आणि ती निःसंकोच मान्य केली पाहिजे. वर्तमानपत्राच्या कागदात गरम वडापाव किंवा भजी बांधून देण्याची रीत महाराष्ट्रात गल्लोगल्ली दिसते. त्या कागदावरची शाई तेलात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्न साठवण्यासाठी वा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्राचा वापर वर्ज्य ठरवला आहे. छापील रद्दीपासून झालेल्या पुठ्ठ्यातही शाईतील खनिज तेलाचे अंश शिल्लक राहू शकतात आणि ते कोरड्या धान्यापर्यंत किंवा पिठापर्यंत वाफेच्या रूपाने पोहोचू शकतात, म्हणून असा पुठ्ठा बाहेरच्या खोक्यासाठी ठेवून अन्नाला लागणारा थर ताज्या तंतूचा असावा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण यांना मात्र या सगळ्या काळजीची गरज नाही, आणि मंगल कार्यालयांनी, देवस्थानांनी त्यांच्याकडे परत वळावे हे सुचवण्यात जुनेपणाचा हट्ट नाही.

चहाचा कागदी कप हा तर नावापुरताच कागदी असतो. द्रव झिरपू नये म्हणून त्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी असा कप गरम पाण्याने भरून १५ मिनिटे ठेवला तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरल्याचे त्यांना आढळले. सामान्य कारखान्याच्या पल्परमध्ये हा थर सुटत नाही, म्हणून रद्दीवालाही ते कप घेत नाही. स्टीलचा पेला किंवा काचेचा ग्लास धुऊन पुन्हा वापरणे हाच येथे एकमेव प्रामाणिक पर्याय आहे.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू केल्यापासून आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आल्यापासून कागदी पिशव्यांचा खप वाढला. प्लास्टिकची पिशवी गटारे तुंबवते, जनावरांच्या पोटात जाते आणि शतकानुशतके तशीच राहते, म्हणून ती जावी हे योग्यच होते. परंतु कागदी पिशवीला लागणारे पाणी आणि ऊर्जा कमी नसते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवामानबदलाच्या निकषावर कागदी पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी ती किमान तीन वेळा वापरावी लागते, आणि सुती पिशवी १३१ वेळा, असे दिसून आले. आकडे त्या देशातले असले तरी त्यांतून निघणारी दिशा इथेही लागू आहे. घरात असलेली कापडी पिशवी फाटेपर्यंत वापरणारा, दर खेपेला नवी पुनर्चक्रित पिशवी घेणाऱ्याच्या पुढे असतो. खोक्यांचेही तसेच आहे: मालाच्या मापाचे तीन पदरी खोके पुरत असताना पाच पदरी मोठे खोके घेऊन उरलेली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरणारा विक्रेता, ते सर्व साहित्य पुनर्चक्रित असले तरी, उधळपट्टीच करत असतो.

हे सारे चक्र ज्यांच्या हातांवर चालते त्यांचा उल्लेख वेष्टनावर कुठेही नसतो. घरोघरी फिरणारे रद्दीवाले, दारातून आणि रस्त्यावरून कागद, पुठ्ठा वेगळा काढणाऱ्या स्त्रिया, वजन करून गठ्ठे बांधणारी भंगारची दुकाने आणि कारखान्यांना माल पुरवणारे व्यापारी अशी ही साखळी आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना झाली, डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले, आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कामात कागदाची किंमत पूर्णपणे त्याच्या कोरडेपणावर अवलंबून असते. भाजीच्या देठांत मिसळलेला, आमटी सांडलेला किंवा पावसात भिजलेला कागद उकिरड्यावर जातो, आणि तो तिथे कुजताना मिथेन वायू सोडतो. तोच कागद वेगळ्या पिशवीत कोरडा राहिला असता तर एका कचरावेचक बाईची त्या दिवसाची कमाई वाढली असती आणि परदेशी रद्दीची तितकी गरज कमी झाली असती. पावसाळ्यात हे नुकसान सर्वांत जास्त होते, म्हणून सोसायट्यांनी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये पत्र्याखालचा एक कोपरा सुक्या कचऱ्यासाठी राखून ठेवणे ही फार लहान आणि फार उपयोगी सोय आहे. थर्मल कागदाच्या पावत्या, मेणकागदी वेष्टने आणि लॅमिनेशनचा कागद रद्दीत मिसळू नये, कारण थोडक्या खराब मालामुळे सबंध गठ्ठ्याचा भाव पडतो.

उत्पादकांनाही या साखळीचा खर्च उचलायला लावण्याच्या दिशेने पाऊल पडले आहे. कागद, काच आणि धातू यांच्या वेष्टनांसाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते परत गोळा होऊन पुनर्चक्रित होईल याची हमी द्यावी, हे त्याचे सूत्र आहे. या सूत्राचा खरा लाभ होण्यासाठी गोळा करणाऱ्यांना मोबदला मिळावा आणि जे वेष्टन मोडता येत नाही त्याच्यावर जास्त भार पडावा, हे दोन मुद्दे अंमलबजावणीत सुटू नयेत.

शाळा, ग्रंथालये, सहकारी संस्था, गणेशोत्सव मंडळे, लघुउद्योग आणि दिवाळी अंक काढणारे संपादक हे कागदाचे मोठे खरेदीदार आहेत, आणि कागदाच्या व्यापाऱ्याकडून वापरोत्तर रद्दीचे प्रमाण, एफएससीचा परवाना क्रमांक आणि कारखान्याचे नाव बिलावर लिहून घेणे त्यांना आजही शक्य आहे. त्यांनी पुढची मागणी नोंदवताना लॅमिनेशन, प्लास्टिकची खिडकी आणि चिकटपट्टी वगळण्याची अट घालावी, आणि प्रत्येक घराने आजपासून कागद आणि पुठ्ठा कोरडा ठेवून वेगळा द्यावा.